गाणी ऐकायला बोलावताना

घरात चांगला स्टिरिओ आला की आठवडाभरात कुणाला तरी गाणी ऐकायला बोलावणं होतंच. त्या संध्याकाळी बहुतेक घरांत काय घडतं, तेही ठरलेलं. यजमान दुकानात ऐकलेलंच गाणं लावतात: ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', तेही १९९४च्या मैफलीतलं, कारण त्यात सुरुवातीला पडणारे ढोलाचे ठोके छातीत येऊन बसतात. मग एखादं ड्रमवादन, मग पावसाचा किंवा आगगाडीचा आवाज. पाहुणे 'काय आवाज आहे हो' म्हणतात, वायर मीटरमागे कितीला पडली याची चौकशी होते, चहा येतो. घरी जाताना कुणाच्याही ओठांवर गाणं नसतं. त्यांना यंत्र दाखवलं गेलेलं असतं आणि त्यांनी ते पाहिलेलं असतं.

बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर, दोन धड स्पीकर आणि गाणी वाजवायची काहीतरी सोय, मग ती टर्नटेबल असो, सीडी असो की इंटरनेट, एवढं तुमच्याकडे आहे असं धरून मी पुढचं लिहिते. काय लावायचं, कुणाला कुठे बसवायचं आणि हात कुठे आवरायचा, एवढाच प्रश्न आहे. उदाहरणं बरीचशी कोलकात्याची आहेत. मी इथे राहते हे एक कारण. दुसरं असं की आपल्या देशातला तबकड्यांचा धंदा याच शहरात वाढला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने १९०२च्या नोव्हेंबरात गौहर जानचं गाणं इथे मुद्रित केलं, १९०८ साली सियालदाला कारखाना निघाला आणि पुढे दमदमला मोठा कारखाना झाला. आजोबांच्या ट्रंकेत एचएमव्हीची एखादी जुनी मराठी तबकडी असेल तर लेबलवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. 'दमदम' किंवा 'कलकत्ता' सापडण्याची शक्यता बरीच आहे. नाट्यगीतं गायली गेली पुण्या-मुंबईत, पण त्यांच्या तबकड्या निघाल्या इथून.

आधी गाण्यांची निवड, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून. माझी कसोटी अशी: गाण्यात एखादी जागा हवी, जी फोनवर ऐकताना निसटते आणि मोठ्या स्पीकरवर हाती लागते. आणि ते गाणं तुम्हाला मनापासून आवडणारं हवं. पहिली अट पाळून दुसरी सोडली की 'हॉटेल कॅलिफोर्निया' होतं. दुसरी पाळून पहिली सोडली तर स्टिरिओची गरजच काय, गुणगुणूनही काम भागेल. यादी करताना प्रत्येक गाण्यापुढे ती जागा एका ओळीत लिहून ठेवा. लिहिता आली नाही तर ते गाणं त्या दिवसापुरतं बाजूला. एकटे असताना दिवसभर ऐका, कुणाची ना नाही.

मराठी आणि बंगाली मंडळी एकत्र बसणार असतील तर मी हेमंतकुमारांपासून सुरुवात करते. इथे ते हेमंत मुखोपाध्याय. त्यांनी लताबाईंबरोबर एक कोळीगीत गायलंय, 'मी डोलकर', शब्द शान्ता शेळक्यांचे आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची, असं सांगितलं की शेजारचे मेशोमोशाय (बंगालीत मावसोबा) हमखास खुर्चीत पुढे सरकतात. ही झाली गंमत. ऐकायची गोष्ट वेगळीच आहे. हेमंतकुमारांच्या आवाजाचं वजन खाली, साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास आहे. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून एवढ्या खालचं जवळपास काही बाहेरच पडत नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू तो खालचा भाग स्वतःच भरून काढतो, म्हणून गाणं ओळखू येतं, पण समोर माणूस उभा राहत नाही. चांगल्या स्पीकरवर त्या आवाजाला छाती मिळते आणि लताबाईंचा आवाज त्याच्यावर किती मोकळा चालतो तेही कळतं. हेमंतकुमार पिंपात तोंड घालून गात असल्यासारखे वाटले तर दोष त्यांचा नाही. तुमचे स्पीकर भिंतीला चिकटले आहेत. हातभर पुढे ओढा आणि पुन्हा लावा. याच्याच जोडीला 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६च्या चित्रपटातलं 'गोमू संगतीनं' ठेवता येईल. तेच गायक, तेच संगीतकार, सोबतीला आशाबाई. आशाबाईंच्या शब्दफेकीतली श्वासांची ये-जा ऐकू येते का ते पाहा.

यानंतर जोडगाणी. एकच चाल दोन भाषांत लावायची. कोलकात्यात हा खेळ कधी फसत नाही, कारण सलिल चौधुरी आणि राहुल देव बर्मन या दोघांनीही आपल्या बंगाली चाली हिंदीत आणि हिंदी चाली बंगालीत नेल्या. दुर्गापूजेच्या सुमारास नवी बंगाली गाणी काढायची इथे पद्धतच होती. ती 'पुजोर गान', आणि त्यातली कितीतरी आपण हिंदी सिनेमातली म्हणून ओळखतो. 'परख' (१९६०) मधलं 'ओ सजना, बरखा बहार आई' आणि त्याची बंगाली बहीण 'ना जेयो ना', दोन्ही लताबाईंचीच. किंवा राहुलदेवांनी स्वतः गायलेलं 'मोने पोरे रुबी राय' आणि 'अनामिका' (१९७३) मधलं किशोरकुमारांचं 'मेरी भीगी भीगी सी'. पाहुण्यांना 'कुठलं चांगलं?' असं विचारू नका, नाहीतर गप्पांचा अड्डा सुरू होतो आणि गाणं राहून जातं. विचारायचं ते असं: गायिका थांबते तेव्हा मागची वाद्यं काय करतात? सलिलदांच्या गाण्यात वाद्यं नुसती साथ करत नाहीत, गायिकेशी समांतर अशी स्वतःची ओळ चालवतात. पाश्चात्त्य स्वरसंगतीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. फोनवर ती मागची ओळ गायकाच्या आवाजात विरघळून जाते. दोन स्पीकरवर ती वेगळी काढून ऐकता येते. एकदा ती कानाला सापडली की पाहुणे तेच गाणं पुन्हा लावायला सांगतात. लावा.

ड्रमवादन ऐकवल्याशिवाय चैन पडत नसेल तर त्याजागी सत्यजित रायांच्या 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९) मधला भुतांचा नाच लावा. मृदंगम, घटम, कंजिरा आणि मोरसिंग, एवढीच दक्षिणी वाद्यं. प्रत्येकाचा आघात वेगळा, प्रत्येकाची कातडी, माती किंवा लोखंड वेगळं ऐकू यायला हवं. घरातली लहान मुलं इथपर्यंत कंटाळलेली असतात, तीही यायला लागतात. बंगाली घरात तर हे पाठच असतं.

तंतुवाद्यांसाठी 'कॉल ऑफ द व्हॅली'ला पर्याय नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. एचएमव्हीत हे ध्वनिमुद्रण घडवलं जी. एन. जोशींनी. 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे तेच हे जोशी. वकिली शिकून गाण्यात आले आणि कंपनीत बसून दुसऱ्यांची गाणी काढत राहिले. त्यांच्या आठवणींचं 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. या तबकडीला एक खेळ जोडता येतो. पाहुण्यांना डोळे मिटायला सांगा आणि कुठलं वाद्य कुठे बसलंय ते बोटाने दाखवायला सांगा. सगळ्यांची बोटं साधारण एकाच दिशेला गेली तर तुमची मांडणी बरोबर. प्रत्येकाचं बोट निराळीकडे गेलं तर पाहुण्यांचे कान ठीक आहेत, खोली पाहायला हवी.

किशोरीताई आमोणकरांचा भूप मी चहानंतर लावते. 'प्रथम सूर साधे' आणि 'सहेला रे' असलेली ती एलपी. इथे जागा गळ्यात तर आहेतच, पण मी पाहुण्यांचं लक्ष तानपुऱ्याकडे वळवते. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर निघत असतात. किशोरीताईंचा सूर लागतो तेव्हा तो त्यातल्याच एखाद्यात जाऊन मिळतो. हे सांगून पटत नाही, चांगल्या स्पीकरवर ऐकून पटतं. कोलकात्याच्या कानांना ही गायकी अनोळखी नाही. टॉलीगंजच्या संगीत रिसर्च अकादमीत निवृत्तीबुवा सरनाईक शिकवत असत, १९९३ साली उल्हास कशाळकर तिथे गुरू म्हणून आले, आणि दर जानेवारीतली डोव्हर लेन संगीत परिषद १९५२पासून चालत आलीय. तरीही एलपीची अख्खी बाजू, म्हणजे वीसेक मिनिटं, सगळ्यांना झेपत नाहीत. ज्यांना उठायचं त्यांना उठू द्या.

आणि भव्य काही हवंच असेल तर 'सैराट' (२०१६). अजय-अतुलने त्यातलं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केलं. 'याड लागलं' मधल्या व्हायोलिनच्या ताफ्याच्या मागे खरीखुरी मोठी खोली आहे, आणि बऱ्या स्टिरिओवर तुमच्या हॉलची मागची भिंत नाहीशी होते. चित्रपट पाहिलेला असतो सगळ्यांनी. हे मात्र बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

आता जुन्या, एका वाहिनीच्या गाण्यांबद्दल, कारण त्यांच्यावर फार अन्याय होतो. स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइनने इंग्लंडात १९३१ साली पेटंटसाठी नोंदवली, पण बाजारात स्टिरिओ एलपी आल्या १९५८च्या सुमारास, आणि आपल्याकडची सिनेमाची गाणी त्यानंतरही बरीच वर्षं मोनोतच निघत होती. म्हणजे आपल्या आवडीची निम्मीअधिक गाणी मोनो. 'दोन स्पीकर असून काय उपयोग' असं वाटून लोक ती टाळतात, किंवा वाईट म्हणजे त्यांची 'स्टिरिओ' केलेली आवृत्ती शोधतात. जुन्या मोनो मुद्रणाला यंत्रातून दोन बाजूंना फाडलेली ही आवृत्ती नेहमी पोकळ लागते. त्याहून भयंकर ते झंकार बीट्स. नव्वदीच्या आसपास कॅसेट कंपन्यांनी जुन्या गाण्यांवर यंत्राचे ठोके चिकटवले. रिक्षात ठीक आहेत, घरी नकोत. जुन्या एचएमव्ही एलपीवर क्रमांकाआधीची अक्षरं बघा: ई-ए-एल-पी किंवा ई-सी-एल-पी म्हणजे मोनो, ई-ए-एस-डी किंवा ई-सी-एस-डी म्हणजे स्टिरिओ. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेलं असो.

मोनो गाण्याचा एक उपयोग तर कुठल्याच स्टिरिओ गाण्याने होत नाही. पाहुणे येण्याआधी केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' लावा, ते भैरवीतलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हेच गाणं आहे. जेमतेम साडेतीन मिनिटांचं. केसरबाईंना 'सूरश्री' ही पदवी कोलकात्याने दिली, म्हणून इथल्या बैठकीत त्यांचा मान पहिला. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, हवेत, त्यांचा आवाज एका ठिपक्यातून यायला हवा. तो पसरट वाटला, कुठून येतोय ते कळेना, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत: लाल जागी काळी. बदला आणि पुन्हा ऐका. फरक ऐकून हसू येईल. आवाज एका बाजूला सरकलेला असेल तर बॅलन्सचं बटण बघा, नाहीतर एक स्पीकर भिंतीच्या जास्त जवळ आहे. एवढं जमलं की स्टिरिओ गाणी आपोआप जागेवर येतात.

खोलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण जे आहे ते दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं. दोन स्पीकरमध्ये दोन-सव्वादोन मीटर अंतर, ऐकणारा त्याहून थोडा लांब, उंच आवाजाचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीवर. शोकेसमध्ये, पितळी मूर्तींच्या मधे ठेवलेला स्पीकर मूर्तींसह वाजतो. खोलीची लांबी चार मीटर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्ये अडकून घुमतो. डग्गा वाजल्यावर एका ठराविक सुराला खिडकीची काच थरथरत असेल तर हेच कारण असू शकतं. स्पीकर किंवा खुर्ची थोडी पुढेमागे करून पाहा. उपाय बहुतेक वेळा फुकट सापडतो.

उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांना उंच छत, जाड भिंती आणि झडपांच्या लांब खिडक्या असतात. खर्जाला हे उत्तम. पण लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन वरच्या स्वरांना कर्कश करते. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स तेच करतात, आणि छतही बुटकं. शीतलपाटी, म्हणजे इथली गुळगुळीत चटई, अंथरू नका. बसायला ती छान, आवाज शोषायला निरुपयोगी. जाड सतरंजी किंवा गादीच हवी. पुस्तकांनी भरलेलं कपाट स्पीकरच्या समोरच्या भिंतीला असेल तर उत्तम, आणि या शहरात ते कपाट बहुतेक घरांत असतंच.

पंखा हा कोलकात्याच्या बैठकीचा खरा शत्रू. मे महिन्यात पंखा बंद ठेवायला सांगितलंत तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. चालू ठेवलात तर किशोरीताईंचा तानपुरा गेला. बैठक डिसेंबर-जानेवारीत ठेवा. उन्हाळ्यात ठेवायचीच असेल तर एसी तासभर आधी लावून खोली गार करा आणि हळू गाण्यांपुरता बंद करा. भुतांच्या नाचाला पंखा चालतो.

किती माणसं बोलवायची? स्टिरिओचा खरा मध्य एका खुर्चीला मिळतो, फार तर तिच्या मागच्या दुसरीला. सहाहून जास्त लोक बोलवून सगळ्यांना 'डावी-उजवी बाजू ऐका' म्हणणं ही फसवणूक आहे. चार-पाच जण असतील तर गाण्यागणिक मधली खुर्ची बदला. मुलं याला संगीतखुर्ची म्हणतात, म्हणू द्या. जास्त माणसं असतील, समजा हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासासारख्या सभागृहात मंडळाचा कार्यक्रम आहे, तर ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. कुणालाही अर्धं गाणं ऐकू येणार नाही. हे सुचवलं की मंडळातले तांत्रिक जाणकार दुखावतात, पण डाव्या कोपऱ्यातल्या आजींना फक्त व्हायोलिन आणि उजवीकडच्यांना फक्त गायक, हे जास्त वाईट.

आवाज किती ठेवायचा यात बहुतेक लोक चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानांना खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून दबक्या आवाजात सगळं पातळ लागतं. पण उपाय म्हणून वाढवत नेलं की कान दमतात, आणि दमलेल्या कानांना आणखी मोठं हवंसं वाटतं. समोरच्याशी जरा आवाज चढवून बोलावं लागेल इतपत ठेवा, त्यापुढे नको. दोन गाण्यांची किंवा दोन आवृत्त्यांची तुलना करणार असाल तर आवाज नीट जुळवून घ्या. एखादं गाणं नुसतं किंचित मोठं वाजलं तरी ते 'जास्त चांगलं' वाटतं, आणि दुकानातल्या अर्ध्या विक्रीचं रहस्य एवढंच आहे. जुन्या मुद्रणांची पातळी खाली असते, म्हणून हात बटणाजवळ ठेवा. रात्री दहानंतर नियमाने निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पूजेच्या दिवसांत गल्लीतला माइक ती पाळत नाही, हा काही तुमचा बचाव होत नाही.

गाण्याआधी बोला, गाणं चालू असताना बोलू नका. आधीचं बोलणंही एका वाक्याचं: काय ऐकायचं तेवढं. यजमानाने गाण्याच्या मधोमध 'आता बघा, आता बघा' करणं हा या छंदातला सर्वांत मोठा उपद्रव आहे, आणि तो पुरुषमंडळी जास्त करतात असं माझं निरीक्षण आहे. खाण्याचं म्हणाल तर मुडी (म्हणजे कुरमुरे) आणि चिवडा गाण्यांच्या मधल्या वेळात. आलाप चालू असताना मुडी चावणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही, वाटी त्याच्या हातात तुम्ही दिलीत. संदेश चालेल. आवाज होत नाही.

पाहुणे आपली गाणीही आणणार, आणि आणावीतच. बहुधा ती फोनवर असतात. ब्लूटूथने लावू नका म्हणणार नाही, पण शक्य असेल तर तेच गाणं तुमच्या वायफायवरच्या ॲपमध्ये लॉसलेस दर्जात शोधून लावा. व्हॉट्सॲपवरून चार जणांकडून फिरत आलेली फाइल चांगल्या स्टिरिओवर लावणं म्हणजे पाहुण्याच्या आवडीची फजिती करणं. तो बिचारा म्हणेल, 'घरी तर बरं वाजतं.' आणि इथे एक गोष्ट सांभाळा. पाहुण्याला त्याची आवृत्तीच ऐकवा, तुम्हाला सरस वाटणारी दुसरी नव्हे. १९७६ साली आकाशवाणीने महालयाच्या पहाटेचं बीरेंद्रकृष्ण भद्रांचं 'महिषासुरमर्दिनी' बाजूला ठेवून उत्तमकुमारांच्या आवाजात नवा कार्यक्रम केला. त्या काळात उत्तमकुमारांहून मोठा नट बंगालमध्ये नव्हता. तरी लोक इतके खवळले की जुनाच कार्यक्रम परत आणावा लागला. रिमास्टर केलेल्या, स्वच्छ धुतलेल्या आवृत्तीबद्दलही हेच. ज्या खरखरीसकट कुणाच्या आईने ते गाणं ऐकलं, ती खरखर काढून टाकायचा अधिकार तुमचा नाही. विचारून लावा.

रेकॉर्ड विकत घ्यायच्या असतील तर कोलकात्यात पाय आपोआप फ्री स्कूल स्ट्रीटकडे वळतात. पाटीवर मिर्झा गालिब स्ट्रीट असतं, बोलण्यात नाही. वेलिंग्टनच्या बाजूलाही जुन्या तबकड्यांची दुकानं आहेत. मुखपृष्ठ बघून भाव करू नका. तबकडी बाहेर काढून उजेडाखाली तिरकी धरा: बारीक केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारे चालत नाहीत, आणि पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. या दमट हवेत बुरशी टळत नाही. ती धुऊन जाते, पण जिथे मुरली आहे तिथे खरखर राहतेच. एलपी धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचा थेंब पुरे. ७८च्या तबकडीला मात्र अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव लावू नका. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. (ती लाख छोटा नागपूर आणि पुरुलियाकडच्या झाडांवरून यायची आणि कोलकात्याच्या बंदरातून जगभर जायची.) ७८ला सुईही वेगळी, जाड लागते. एलपीची सुई त्या रुंद खोबणीत तळाशी भटकते, आणि आवाज येतो तो खोबणीतल्या धुळीचा. टर्नटेबल लावल्यावर सतत 'हूं' असा गुणगुणाट येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा आवाज. टर्नटेबलमधून निघणारी बारीक मोकळी तार ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावायची राहिली आहे. ॲम्प्लिफायरच बिघडला असेल तर चांदनी चौकात जुनी यंत्रं उघडणारे कारागीर अजून आहेत. १९७०पासून याच शहरात असलेल्या सोनोडाइनचे जुने ॲम्प तर त्यांच्या हाताखालून कैक वेळा गेलेले असतात.

बैठक झाली की दोन-तीन जण गाण्यांची यादी मागतात. नुसती नावं पाठवू नका; एकाच नावाच्या पाच आवृत्त्या निघतात आणि त्यातली चार झंकारवाली. गायक, संगीतकार, चित्रपट किंवा तबकडी, साल, आणि एलपी असेल तर लेबलवरचा क्रमांक लिहा. पुढे ती तुमची एका ओळीची जागाही लिहा, म्हणजे पुण्यात बसून ऐकणाऱ्यालाही नेमकं कुठे कान द्यायचा ते कळेल.

खुद्द तबकडीच पाठवायची असेल तर ती जॅकेटच्या आत ठेवून पाठवू नका. प्रवासात आतल्या आत सरकून ती जॅकेटची कड फाडते. आतल्या पिशवीसकट बाहेर काढा, जॅकेटच्या पाठीला लावा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि मग वेष्टन. हे एलपीचं. ७८ची तबकडी कुरिअरने पाठवणं म्हणजे तुकडे पाठवणं. हावड्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला जाणारं कुणी ओळखीचं शोधा, आणि बर्थखाली आडवी नको, खिडकीच्या बाजूला उभी ठेवा, असं दोनदा सांगा.